कुसुमी आणि कुसुंबी

दोन वर्षांपूर्वीच्या पर्युषणात आमच्या भाचीने अठाई केली. प्रभावना म्हणून काय द्यावे, यावर घरात बराच खल झाला. आमचे घराणे कापडाचे. अहिल्यानगरच्या कापड बाजारात दुकानाची ही तिसरी पिढी. तेव्हा स्टीलच्या वाट्यांऐवजी सुती स्टोल द्यावेत आणि तेही नैसर्गिक रंगात रंगविलेले, असे मी सुचविले. रसायनांचे पाणी ओढ्यानाल्यांत जाणार नाही, तपाला शोभेल अशी भेट होईल, ही त्यामागची भावना. एका परप्रांतीय विक्रेत्याकडून लाल रंगाचे एक्कावन्न स्टोल मागविले. चिठ्ठीवर लिहिले होते : ‘रंग नैसर्गिक, कुसुमी’. मी मनाशी अर्थ लावला, कुसुंबा म्हणजे करडईचे फूल. सर्वांनी स्टोलचे कौतुक केले आणि मला कृतार्थ वाटले.

दिवाळीपूर्वी दुकानासाठी तोच माल मागवावा म्हणून मी दूरध्वनी केला. बोलता बोलता करडईची चौकशी केली, तेव्हा पलीकडचे गृहस्थ सरळपणे म्हणाले, “करडई नव्हे, ताई. कुसुमी म्हणजे कुसुमाच्या झाडावरची लाख.” त्यांनी काहीही लपविले नव्हते. न विचारण्याची चूक माझी होती. अहिंसेच्या तपाची अनुमोदना मी लाखेच्या रंगाने केली होती.

लाखेचा लाल रंग

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म कीटक हजारोंच्या संख्येने वस्ती करतात आणि अंगातून स्रवणाऱ्या राळेचे कवच स्वतःभोवती बांधतात. त्या फांद्या तोडून, कवच खरवडून लाख काढतात. या कच्च्या लाखेच्या धुवणात जो लाल रंग उतरतो, तो मादी कीटकाच्या शरीरातला असतो. लाखेच्या ‘रंगिनी’ आणि ‘कुसुमी’ अशा दोन जाती व्यापारात प्रसिद्ध आहेत. माझ्या चिठ्ठीतला ‘कुसुमी’ हा शब्द त्यातलाच होता. कुसुमाचे झाड निराळे, कुसुंब्याचे झुडूप निराळे. एका अनुस्वाराने मला फसविले.

हे केवळ लाखेपुरतेही नाही. मेक्सिकोत निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील कीटकापासूनही उत्तम किरमिजी रंग मिळतो, आणि त्यालाही ‘नैसर्गिक’ म्हणण्यात काहीच खोटे नाही. नैसर्गिक आणि अहिंसक हे दोन शब्द आपण नकळत एकच मानतो, इतकेच.

चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजी म. सा. यांच्याजवळ मी हे सारे निवेदन केले. त्यांनी श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांची आठवण करून दिली. त्यात ‘लाक्षावाणिज्य’ हा स्वतंत्र प्रकार आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त लाक्षावाणिज्याचा अर्थ सांगताना लाखेबरोबर मनःशिला, धायटीचे फूल आणि नीळही घेतली आहे. नीळ तर निखळ वनस्पतीची! पण तिचा पाला कुंडांत सडवून रंग काढतात आणि त्या सडण्यात असंख्य जीवांची उत्पत्ती व हानी होते. रंग कोणत्या वस्तूपासून निघाला यावर आपल्या पूर्वाचार्यांची दृष्टी थांबली नाही. तो कोणत्या क्रियेने निघाला, तेही त्यांनी पाहिले. “अजाणता घडले त्याचे मिच्छा मि दुक्कडं करा,” म. सा. म्हणाल्या, “पण आता आपण अजाण राहिला नाहीत.”

रंग गेला, तेल राहिले

तेव्हा मी ज्याला कुसुमी समजले होते, तो कुसुंबी रंग खरोखर असतो तरी कसा, हे पाहायचे मी ठरविले. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. आपल्या जिल्ह्याच्या जिरायती भागात ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची जुनी रीत आहे. काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या करडईच्या एका वाणाचे नावच ‘फुले कुसुमा’ आहे. करडईचे तेल आपल्या परिचयाचे; पण एके काळी या पिकाची कीर्ती तिच्या पाकळ्यांमुळे होती. एकोणिसाव्या शतकात बंगालमधून कुसुंबा इंग्लंडला जात असे आणि सरकारी कागद बांधण्याची लाल फीत त्यात रंगविली जाई. आपण ज्या ‘लालफीतशाही’ला कंटाळतो, तिच्या रंगाचे मूळ करडईच्या शेतात आहे.

पुढे १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने पहिला व्यापारी कृत्रिम रंग तयार केला. काही दशकांतच मंजिष्ठा, आल, कुसुंबा या रंगांची बाजारपेठ ओसरली. आपल्याकडे रंग गेला, तेल राहिले. काटे आणि अपुरा भाव यांमुळे आता करडईखालील क्षेत्रही फार घटले आहे.

जपानने मात्र हा रंग जपून ठेवला. तेथे करडईला ‘बेनीबाना’ म्हणतात. उत्तरेकडील यामागाता प्रांतात तिची लागवड होते. पाकळ्या चेचून, आंबवून त्यांच्या वड्या करीत. त्या मोगामी नदीतून नावेने साकाता बंदरात, तेथून जहाजाने आणि पुढे खुष्कीच्या मार्गाने क्योतोच्या रंगाऱ्यांकडे जात. महाकवी बाशो १६८९ मध्ये ओबानाझावा गावी ज्याच्याकडे उतरला, तो सुझुकी सेइफू हा बेनीबानाचाच व्यापारी होता, आणि स्वतः कविताही करी. आज त्या भागात पर्यटक मुद्दाम जातात आणि आपल्या हाताने रुमाल रंगवून आणतात. जे फूल आपल्या बांधावर सुकून गळते, त्यासाठी लोक तिकडे प्रवास करतात!

पाव किलो पाकळ्या, एक रुमाल

जामखेड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचे आमच्या दुकानी वर्षानुवर्षांचे खाते आहे. त्यांच्या करडईच्या पाकळ्या मी मागितल्या, तेव्हा घरातल्या वहिनी हसल्या, “त्या तर वाऱ्यावर जातात, घेऊन जा की!” फूल प्रथम पिवळे असते, परागण होऊन ते कोमेजू लागले की पाकळ्या तांबूस होतात. अशा पाकळ्या काढल्याने दाण्याचे नुकसान होत नाही. मला याचे विशेष समाधान वाटले. वनस्पतीतही जीव आहे, तेव्हा हा रंग हिंसेपासून सर्वथा मुक्त आहे असे मी म्हणणार नाही. साधुसाध्वी अशा आरंभाच्या कामाला होकार देत नाहीत, तेही योग्यच. पण गृहस्थाच्या मर्यादेत, जे गळणारच आहे ते वेचणे यातल्या त्यात सौम्य.

वेचणी पहाटे करावी लागते, कारण दवाने काटे मऊ पडतात. यामागातातील शेतकरीही याच कारणासाठी पहाटे शेतात जातात. तिघी जणी तीन सकाळी वेचत होतो. सावलीत सुकविल्यावर वजन भरले पाव किलो.

पुढची कृती वाचकभगिनींसाठी सविस्तर देते. पाकळ्यांत दोन रंग असतात, पिवळा पुष्कळ आणि लाल अगदी थोडा, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. पिवळा साध्या थंड पाण्यात विरघळतो. लाल विरघळत नाही. म्हणून पाकळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून, गाळलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा मळून पिवळा रंग काढून टाकायचा. मला यास दोन दिवस लागले. नंतर पाकळ्या पापडखाराच्या पाण्यात तासभर मळल्या. क्षाराने लाल रंग सुटतो आणि पाणी तपकिरी, गढूळ दिसू लागते. ते गाळून घेतले आणि त्यात लिंबाचा रस थेंब थेंब सोडला. पाणी फसफसले आणि डोळ्यांदेखत गढूळपणा जाऊन डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग उमलला. त्यात जुन्या मलमलीचा रुमाल रात्रभर भिजत ठेवला. चूल पेटवावी लागली नाही. हा रंग उष्णतेने उलट बिघडतो. तुरटीही लागली नाही, कारण लाल कुसुंबा सुती धाग्यावर आपणहून बसतो.

आधी निघालेले पिवळे पाणी मी फेकले नाही. ते सुतावर तसेच धरत नाही. म्हणून दुसरे कापड आधी हिरड्याच्या व मग तुरटीच्या पाण्यातून काढून त्यात बुडविले. हिरडा आपल्याच जिल्ह्यातला, अकोल्याच्या डोंगरांत आदिवासी बांधव गोळा करतात तो. त्या कापडावर फिकट हळदी छटा आली.

सकाळी रुमाल पिळून सावलीत वाळत घातला. माझ्या मनात होता स्टोलसारखा गडद लाल; हाती आला पहाटेच्या आभाळासारखा गुलाबी. गडद लाल हवा तर हीच क्रिया ताज्या पाकळ्या घेऊन पुन्हा पुन्हा करावी लागते. कुसुंबी लुगडे ही श्रीमंतीची वस्तू का होती, ते त्या दिवशी उमगले.

बाबूजींचा हिशेब

सासऱ्यांना, म्हणजे बाबूजींना, मी मोठ्या उत्साहाने रुमाल दाखविला. दुकानात असा माल ठेवावा, पाकळ्यांचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत, असा माझा बेत होता. त्यासाठी पूरक कामही झालेले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचे बिनकाटेरी वाण विकसित केले आहेत. त्यामुळे वेचणी सोपी होते. बाबूजींनी सारे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले, “हा साबणाला टिकेल का? आणि उन्हाला?”

उत्तर मला ठाऊक होते, पण सांगताना आवाज खाली गेला. ज्या क्षाराने हा रंग पाकळीतून सुटतो, त्याच क्षाराने तो कापडातूनही सुटतो. साबण आणि सोडा त्याला चालत नाही. उन्हात तर तो हळूहळू विरतो. बाबूजी म्हणाले, “मग तो विकू नये असे नाही. पण हे आधी सांगून विकावे. गिऱ्हाईक रंग बघून नेते आणि शब्द लक्षात ठेवते.”

त्यांनी रुमालाचे दोन तुकडे करविले. एक कपाटात ठेवला. दुसरा दुकानाच्या पायरीशी, जेथे दुपारचे ऊन येते तेथे टांगला. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवले. एक गुलाबी होता. दुसरा जवळजवळ पांढरा.

ते दोन्ही तुकडे आज दुकानाच्या गादीजवळ काचेखाली आहेत. नैसर्गिक रंगाचा जो थोडा माल आम्ही आता ठेवतो, त्यात बहुतांशी हिरडा, मंजिष्ठा आणि डाळिंबाच्या सालीचे, त्यातल्या त्यात पक्के रंग आहेत. प्रत्येक ठाणाला चिठ्ठी असते : रंग कशाचा, कसा धुवावा, किती टिकेल. माल भरताना रंगाऱ्याला विचारल्यावाचून आणि उत्तर लिहून घेतल्यावाचून चिठ्ठी लावायची नाही, हा घरचा नियम झाला आहे. लाखेचा माल घेत नाही. काही ग्राहक काचेखालचे तुकडे पाहून परत जातात. काही मात्र तेथेच थांबून पुढचा प्रश्न विचारतात.

गेल्या पर्युषणात मी त्या एक्कावन्न घरांपैकी जितक्यांना भेटले, तितक्यांना स्टोलचा रंग कशाचा होता ते सांगितले आणि क्षमा मागितली. एका वृद्ध काकींनी आपला स्टोल आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “बरे केलेस सांगितलेस. मी रोज सामायिकाला हाच घेत होते.” त्यांनी दुसरा मागितला. मी पांढरा, बिनरंगी खादीचा दिला.