संगणकीय मुद्रणातील अदृश्य चिन्हे : ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’

संगणकीय भाषा विशेष चिन्हांचे मुद्रण कसे करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात मराठीतील एका अक्षररूपाच्या आधारे केले आहे.

‘दरी’चे अनेकवचन ‘दऱ्या’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्या शब्दात अर्धा र ‘य’च्या डावीकडे जोडलेला असतो, दुसऱ्यात तो रफार होऊन माथ्यावर जातो. युनिकोडमध्ये हा डावीकडचा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात र, हलन्त चिन्ह व त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे स्वतःचा आकार नसलेले एक संकेतचिन्ह, येते. दुसऱ्यात ‘ऱ’ व हलन्त चिन्ह पुरेसे असते. डोळ्यांना रूप एकच दिसते. संगणकाच्या दृष्टीने मात्र हे दोन भिन्न शब्द होत, आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रियाही त्यांना एकरूप करीत नाही.

पायथन ३ मध्ये जोडकयुक्त शब्द ‘प्रिंट’ने थेट छापल्यास तो यथायोग्य उमटतो. तोच शब्द एखाद्या यादीत ठेवून यादी छापली, तर ‘दर्’ आणि ‘या’ यांच्यामध्ये उलटी तिरपी रेघ, यू हे अक्षर व २००डी हा संकेतांक प्रकट होतो. यात बिघाड काहीच नाही. यादी छापताना पायथन प्रत्येक शब्दाचे तपासणीयोग्य रूप दाखविते आणि ज्या चिन्हास आकार नाही ते अमुद्रणीय मानून त्याचा संकेतांक लिहिते. किंबहुना लपलेले चिन्ह उघड करणे हाच त्यामागील हेतू होय. नवशिक्या प्रोग्रामरला तो कचरा वाटतो आणि माहितीच्या शुद्धीकरणात तो काढून टाकला जातो. मग दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्यांना द्यावयाचे वेतन आचार्यांच्या नावे पडते!

सी भाषेत अडचण निराळी आहे. तेथे नेहमीच्या मुद्रण-आज्ञेत स्तंभाची रुंदी बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. जोडकही तितकेच घेतो. त्यामुळे जोडकयुक्त ‘दऱ्या’ १८ बाइटचा, तर ‘ऱ’ वापरून लिहिलेला १५ बाइटचा ठरतो. २० रुंदीच्या स्तंभात पहिल्यापुढे २ व दुसऱ्यापुढे ५ रिकाम्या जागा पडतात. एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळींचे पुढील आकडे एका रेषेत येत नाहीत.

यावर उपाय साठवणुकीच्या वेळीच करावा लागतो. र, हलन्त व जोडक हा क्रम आढळेल तेथे ‘ऱ’ व हलन्त योजावे. इतर व्यंजनांनंतरच्या जोडकास मात्र हात लावू नये. तेथे तो अर्ध्या अक्षराचे रूप राखण्यासाठी हेतुपुरस्सर घातलेला असू शकतो.