सँडविच रचनेवरील आघात आणि शेष सामर्थ्य

दोन पातळ, कठीण त्वचांच्या मध्ये जाड परंतु हलका गाभा चिकटवून जी पट्टिका सिद्ध होते, तिला सँडविच रचना म्हणतात. १९४० साली प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’ विमानाच्या सांगाड्यात बर्च लाकडाच्या प्लायवुडमध्ये बाल्साचा गाभा होता. पुढे त्वचा कार्बनतंतूंच्या झाल्या आणि गाभा मधाच्या पोळ्यासारखा. त्वचांनी ताण व दाब सोसावा आणि गाभ्याने त्यांना परस्परांपासून दूर व जागच्या जागी धरून ठेवावे, अशी ही श्रमविभागणी आहे. गाभ्याचे हे दुसरे काम सहसा दुर्लक्षिले जाते. इजेचा प्रश्न उद्भवतो तो तेथेच.

अणकुचीदार वस्तू त्वचा भेदते आणि भोक दिसते. बोथट आघाताची गोष्ट निराळी. हातातून निसटलेले हत्यार किंवा गार आदळली की त्वचा लवते आणि बहुतांशी पूर्ववत होते. खालच्या पोळ्याच्या भिंती मात्र चुरगळतात, त्या पूर्ववत होत नाहीत. वर उथळ खळगा आणि खाली त्याहून विस्तृत चुराडा, अशी स्थिती होते. म्हणून खळग्याच्या खोलीवरून इजेचे मोजमाप करणे धोक्याचे होय.

इजेनंतर जी सहनक्षमता उरते तिला ‘शेष सामर्थ्य’ म्हणणे इष्ट. ‘बल’ आणि ‘शक्ती’ हे दोन्ही शब्द पदार्थविज्ञानात अन्य अर्थांनी गुंतलेले आहेत. तंतू तुटले नसतील तर ताणाखालील शेष सामर्थ्य फारसे घटत नाही; घटते ते दाबाखाली. गाभ्याचा आधार सुटलेली त्वचा खळग्यात आणखी आत खचते, किंवा गाभ्यापासून अलग झाली असल्यास बाहेर फुगते. अलग झालेल्या भागाचा व्यास दुप्पट झाला, तर त्वचा फुगण्यास पुरेसे होणारे प्रतिबल साधारणतः चौथाईवर येते. इजा वाढते की नाही, हा प्रश्न त्यामुळे तिच्या आजच्या आकाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

६ मार्च २००५ रोजी क्यूबातील वारादेरोहून क्वेबेककडे निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-३१० विमानाचे सुकाणू हवेतच जवळजवळ संपूर्ण निखळून पडले. विमान वारादेरोस परतले व सुखरूप उतरले. सुकाणूची रचना सँडविच पद्धतीची होती. मूळ इजा बोथट आघाताची नव्हती, असाच चौकशीचा निष्कर्ष आहे. कमकुवत जोड किंवा अन्य एखादी घटना तिच्या मुळाशी असावी. परंतु ती उड्डाणापूर्वीपासून होती आणि हवेत वाढली, हे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अशा वाढीस उंचीही हातभार लावते. ३५,००० फुटांवर बाहेरील वायुदाब समुद्रसपाटीच्या सुमारे चौथाईइतकाच उरतो, आणि पोळ्याच्या घरांत कोंडलेली हवा सुटलेल्या त्वचेस बाहेर ढकलते. विमान उतरले की ही ढकल थांबते. पुढच्या उड्डाणात पुन्हा सुरू होते.

तत्कालीन तपासणीपद्धती सुकाणूतील सर्व दोष हुडकण्यास अपुरी होती, असाही त्या चौकशीचा निर्वाळा आहे. नजरेने पाहणे आणि टिचक्या मारून ऐकणे, हे या क्षेत्रातील जुने उपाय होत. कुंभाराकडून मडके वाजवून घ्यावे, तसाच हा प्रकार. टणक नाद आला तर जोड शाबूत, बद्द आवाज आला तर सुटलेला. मात्र टिचकी जिकडे मारावी तिकडचीच त्वचा बोलते. आतल्या बाजूची त्वचा गाभ्यापासून सुटली असेल, तर बाहेरून वाजवणाऱ्यास तिचा पत्ता लागणे कठीण, आणि सुकाणूसारख्या बंदिस्त पेटीत आतून वाजविण्यास हात पोहोचत नाही. तेथे श्राव्यातीत ध्वनीसारख्या उपकरणांचाच अवलंब करावा लागतो.