सात जूनचा जबाब

७ जून २००३. नाशिकजवळ बेलतगव्हाणच्या शिवारात, शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडून दोन दिवस झाले होते. ५ जूनच्या त्या रात्री पाच माणसं मारली गेली. त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी होती, आणि मारण्याआधी तिच्यावर अत्याचारही झाला होता. घरातली आई आणि तिचा मुलगा, एवढे दोघेच वाचले.

त्या आईपुढे एक अल्बम ठेवण्यात आला. पोलिसांच्या दप्तरी असतो तसा, सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा. विशेष कार्यकारी दंडाधिकारी जबाब घेत होते. जी बाई दोन दिवसांपूर्वी आपली माणसं डोळ्यांदेखत मरताना पाहते, तिनं एकेक चेहरा बघत पानं उलटायची म्हणजे काय, याची कल्पनाही करवत नाही. तिनं ती उलटली. त्यातले चार चेहरे तिनं ओळखले. तसं लिहून घेतलं गेलं.

खटला चालला तो दुसऱ्याच सहा जणांवर.

हे मला कळलं ते सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल वाचताना. मी ईटचा, भूम तालुक्यातला. ईट घ्या, तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. रात्रीत विहिरीवरची मोटार गेली, गोठ्यातली शेळी गेली, की सकाळी पहिलं बोट कुणाकडे जातं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. गावाबाहेर पालं पडलेली असतात. पारध्यांची असोत, आणखी कुणाची असोत, कुणी विचारत बसत नाही. ‘त्यांचंच काम’ एवढं म्हटलं की गावापुरता तपास संपतो. आमच्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला पारध्यांच्या लेकरांसाठी निवासी शाळा उभी राहिली, तिथली मुलं शिकून बाहेर पडली, तरी ते बोट अजून तिकडेच वळतं. म्हणून ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल हातात आला आणि आरोपी भटक्या जमातीचे, मजुरी करून खाणारे, आपल्या मराठवाड्यातले, भोकरदनकडचे आहेत असं दिसलं, तेव्हा पुढे काय वाचायला मिळणार याची धास्ती वाटली. पुढे अल्बमचा तो परिच्छेद आला. मी मागे जाऊन तारीख पुन्हा पाहिली. घटना पाच जूनची. जबाब सात जूनचा. आठवणीवर अजून कशाचाही थर चढलेला नव्हता तेव्हाचा.

ओळख परेड ज्यांनी पाहिली असेल त्यांना या दोन दिवसांचं मोल सांगायला नको. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या डमींच्या रांगेत उभं करायचं, जागा त्यानंच निवडायची, पंच हजर, पोलीस बाहेर, मग साक्षीदाराला आत आणायचं. एवढी काळजी घ्यायची कारण माणसाची स्मृती ओल्या मातीसारखी असते. शेवटचा पाय पडतो त्याचा ठसा वर राहतो. दिवस जातात, कुणी काही सांगतं, कुठे चेहरा दिसतो, आणि साक्षीदार अगदी प्रामाणिकपणे, शपथेवर, चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो. अमेरिकेत डीएनए चाचणीनं निर्दोष ठरलेल्या कैद्यांचे खटले पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त खटल्यांत चुकीची ओळख हेच कारण सापडलं. त्यामुळे पहिला जबाब जपायचा असतो. तो शंभर टक्के खरा असतो असं नाही, बाईनं दाखवलेले चौघं दोषीच होते असंही मी म्हणणार नाही. पण तपास तिथून सुरू व्हायला हवा होता.

तो झाला नाही. १२ जून २००६ ला नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २२ मार्च २००७ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. प्रकरण दिल्लीला गेलं. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. जन्मठेपेवर आलेल्या तिघांचीही फाशी परत आली, आणि तीही त्यांचं म्हणणं न ऐकता. तीन पायऱ्या, तीन निकाल. सात जूनच्या जबाबापाशी एकही अडखळला नाही.

त्या २००९ च्या निकालाची आणखी एक गोष्ट आहे. फाशी देताना न्यायालयानं राजस्थानच्या रावजी खटल्यातलं तत्त्व धरलं होतं: शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नाही. अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ ला, महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांच्या पीठानं सांगितलं की रावजी निकालच चुकीचा होता; घटनापीठानं आधी घालून दिलेल्या नियमाकडे दुर्लक्ष करून तो दिला गेला होता. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, की अशा चुकीच्या पायावर फाशी झालेल्या १३ जणांचे जीव वाचवा. हे सहा त्या तेरांत होते. त्याच सुमारास हेही ठरलं की सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. मला इथे थांबावंसं वाटतं. निवृत्त न्यायमूर्ती धडपडत होते, वकील धडपडत होते, आणि तरीही मागणी होती ती फाशी टळावी एवढीच. यांनी हे केलंच नसेल, ही शक्यता अजून कुणाच्या पुढ्यात आलेली नव्हती.

दार उघडलं ते एका वेगळ्याच निकालामुळे. तोवर सर्वोच्च न्यायालयातले पुनर्विलोकन अर्ज न्यायमूर्तींच्या दालनात, कागदावरच निकाली निघत. वकिलाला उभं राहून बोलायची सोय नव्हती. २ सप्टेंबर २०१४ ला मोहम्मद आरिफ खटल्यात घटनापीठानं सांगितलं: फाशीचं प्रकरण असेल तर पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात ऐकलं पाहिजे. कारण ही चूक मागाहून दुरुस्त होत नाही. किती साधा बदल. जिथे कागद नुसता फिरत होता तिथे आता कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार होतं.

या सहांचा अर्ज खुल्या न्यायालयात आला. ३१ ऑक्टोबर २०१८ ला २००९ चा निकाल मागे घेतला गेला. अपिलं पुन्हा पहिल्यापासून ऐकायची ठरली, न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा यांच्यापुढे. आणि आता पुरावा पहिल्या पानापासून वाचला जाऊ लागला.

वाचता वाचता सात जून आला.

अल्बममधून ओळखलेले चौघं कोण? त्यांचं काय झालं? त्यांना ताब्यात का घेतलं नाही? ते निर्दोष असल्याचं कळलं म्हणून सोडलं असेल, तर तसा तपास कुठे आहे? सरकार पक्षाकडे उत्तर नव्हतं. मुलाच्या साक्षीतही न्यायालयाला विसंगती दिसल्या, मागाहून पडलेली भर दिसली. एक वीटच निघाली आणि भिंत उभी राहीना. ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. ज्या न्यायालयानं फाशी दिली होती त्याच न्यायालयानं लिहिलं की या गरीब, भटक्या जमातीच्या माणसांना गोवण्यात आलं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी असं गृह खात्याला सांगितलं, आणि प्रत्येकाला पुनर्वसनासाठी ५ लाख रुपये.

मी तो हिशेब मांडून पाहिला. जवळपास सोळा वर्षांना पाच लाख, म्हणजे दिवसाला नव्वद रुपयेही पडत नाहीत. तेही या पीठानं मनावर घेतलं म्हणून. चुकीच्या खटल्यात आयुष्य गेलेल्याला भरपाई मिळावी असा कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली होती. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले, पण त्यांत ती तरतूद आली नाही. कारणाशिवाय अटक करवल्याबद्दल दंडाधिकारी जी भरपाई देऊ शकतात तिची मर्यादा नव्या संहितेच्या कलम ३९९ मध्येही एक हजार रुपयेच आहे.

इंग्लंडमध्ये असंच एक प्रकरण घडलं होतं. ॲडॉल्फ बेक नावाच्या माणसाला १८९६ मध्ये बायकांना फसवल्याबद्दल शिक्षा झाली. साक्षीदारांनी त्याला ओळखलं होतं. पोलिसांचं म्हणणं, हाच तो जुना भामटा जॉन स्मिथ. दोन वर्षांनी तुरुंगाच्या जुन्या नोंदींत सापडलं की स्मिथची सुंता झालेली होती. बेकची नव्हती. म्हणजे हे दोघं एक असणं शक्यच नव्हतं. गृह खात्यानं काय केलं? बेकचा कैदी क्रमांक बदलला आणि त्याला आत ठेवलं. तो पुढे सुटला, १९०४ मध्ये पुन्हा त्याच आरोपाखाली दोषी ठरला, आणि मग कुठे खरा स्मिथ हाती लागला. लोक खवळले. १९०७ मध्ये इंग्लंडला फौजदारी अपील न्यायालय मिळालं. कागद १८९८ पासून होता.

आपल्याकडेही कागदाकडे बघायची रीत बदलू लागली आहे, आणि मला ही सगळ्यांत महत्त्वाची सुधारणा वाटते. पोलिसांनी गोळा केलेला जो पुरावा सरकार पक्षाला सोयीचा नसतो, तो आजवर आरोपीला कळायचाच नाही. चार्जशीटला जोडलेले कागद तेवढे मिळत. २० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं फौजदारी खटल्यांच्या त्रुटींवर स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात आदर्श नियम दिले. त्यात एक यादी आहे: तपासात हाती आलेले, पण सरकार पक्ष ज्यांचा आधार घेत नाही असे जबाब, कागद, वस्तू. ही यादी आरोपीला द्यायची. २० मे २०२२ च्या ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ निकालात हेच पुन्हा बजावलं गेलं. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या प्रत्येक वकिलानं ही यादी मागितली पाहिजे. यादी कोरी आली तर का कोरी आहे ते विचारलं पाहिजे. सात जूनच्या जबाबासारखे कागद तिथेच सापडतील.

पालावरच्या माणसाला मात्र त्याआधी वकील मिळायला हवा, आणि त्याही आधी संशयाचं ते बोट खाली यायला हवं. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणामागे त्यांची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि ठाण्याच्या वहीत नावं नव्या शीर्षकाखाली राहिली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातला जातीवरचा भेदभाव मोडीत काढला, तेव्हा या विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याची ही जुनी खोडही स्पष्ट शब्दांत नोंदवली. वही अजून ठाण्यात आहे. गावात तर वहीचीही गरज लागत नाही.

आणि बेलतगव्हाणची ती आई. तिची पाच माणसं कुणी मारली, हे जवळपास सोळा वर्षं राज्यानं तिला चुकीचं सांगितलं. ५ मार्च २०१९ च्या निकालात न्यायालयानं पोलिसांना आणखी एक आदेश दिला: अल्बममधून ओळखलेल्या त्या चौघांचा तपास करा. तिनं त्या चार फोटोंवर बोट ठेवलं त्याला तेव्हा पंधरा वर्षं आणि जवळपास नऊ महिने झाले होते.