दाण्यांचे माप आणि वजन

दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक एके काळी महाराष्ट्रात घरोघरी तोंडपाठ असे. १९५६ च्या केंद्रीय कायद्यानंतर दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि बाजारात किलोग्रॅम रूढ झाला. स्वयंपाकघरात मात्र वाटीचे राज्य कायम राहिले. परिणामी शेंगदाणे वजनावर खरेदी होतात आणि वाटीने वापरले जातात. चार माणसांच्या स्वयंपाकात हा फरक जाणवत नाही. परंतु लाडू अथवा चिक्की मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या महिला बचत गटांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरतो.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. त्यावरून लिटरभर दाण्यांचे वजनही तेवढेच असावे, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः ते सुमारे ६२० ग्रॅमच भरते. कारण दाण्यादाण्यांमधील पोकळी हवेने व्यापलेली असते. १० किलो दाण्यांऐवजी १० लिटरचा डबा भरून घेतल्यास ३.८ किलो दाणे कमी पडतात. शेंगदाण्यात जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिने असतात. बालकांसाठी हे लाडू केले असतील, तर त्यांच्या वाट्याची सुमारे ९०० ग्रॅम प्रथिने कमी होतात.

पदार्थाचे रूप बदलले की हे प्रमाणही बदलते. २४० मिलिलिटरच्या कपात अख्खे बदाम सुमारे १४० ग्रॅम मावतात, तर बदामाची सैल पूड केवळ ९५ ग्रॅमच्या आसपास. अक्रोडाचे नेमके उलट आहे. अर्धे मगज सुमारे १०० ग्रॅम, तर तुकडे ११७ ग्रॅम भरतात. कारण तुकडे एकमेकांत नीट बसतात. दाण्याचे कूट सैल भरले की दाबून, यावरही वजन अवलंबून असते. शिवाय दाणे भाजल्यावर पाण्याचा अंश उडतो आणि पाखडल्यावर साले जातात. म्हणून पाककृतीत कच्चे दाणे, भाजलेले दाणे की कूट, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे.

प्रत्येक गटाने स्वतःच्या वाटीचे कोष्टक तयार करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. प्रथम रिकाम्या वाटीचे वजन करावे. ती पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा तोलावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर वाटीचे माप. नंतर वाटी कोरडी करून दाणे न दाबता भरावेत, शीग पट्टीने सपाट करावी आणि वजन घ्यावे. असे तीनदा करून सरासरी काढावी. समजा, वाटीत १५० ग्रॅम पाणी आणि ९३ ग्रॅम दाणे मावले. मग आठ वाट्यांची पाककृती म्हणजे ७४४ ग्रॅम दाणे, हा हिशेब कायमचा पक्का झाला.

वेष्टनबंद खाद्यपदार्थावर निव्वळ वजन छापणे कायद्याने बंधनकारक आहे. विक्री वजनावर व्हावयाची असेल, तर कच्च्या मालाचा हिशेबही वजनातच ठेवला पाहिजे. तसे केल्यास नफातोट्याचा अंदाज चुकत नाही आणि लाडू खाणाऱ्या मुलाच्या पदरी त्याचा पुरता वाटा पडतो.