अर्ज हीच पहिली परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, शिष्यवृत्तीचे नाव निघाले की साऱ्या वर्गाचे डोळे पहिल्या दोन-तीन मुलांकडे वळतात आणि बाकीचे निश्चिंत होतात. ही समजूत मोडावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. शिष्यवृत्ती गुणांस मिळते हे खरे; परंतु ज्याने अर्जच केला नाही, त्याचे गुण परीक्षकांच्या दृष्टीस पडावेत तरी कसे?

आपल्या बऱ्हाणपुरात यंत्रमागाचा धंदा मोठा. आठवी झाली की मुलाला मागावर धाडावे आणि मुलीला घरी ठेवावे, असा विचार काही घरांतून होतो. तेथे मायेची उणीव नसते, पैशाची असते. नेमक्या ह्याच वळणावर शाळा सुटू नये म्हणून भारत सरकारने २००८ मध्ये 'नॅशनल मीन्स-कम-मेरिट' ही शिष्यवृत्ती सुरू केली. देशभरात दरवर्षी १ लाख नव्या विद्यार्थ्यांसाठी ती ठेवलेली आहे. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांहून अधिक नसावे, विद्यार्थी सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतील असावा आणि सातवीत त्यास निदान ५५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींस गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. आठवीत असताना बुद्धिमापन आणि शालेय विषय अशा दोन प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात. प्रत्येकीत ९० प्रश्न व वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट! ही सवय आदल्या रात्री जडत नाही. ती सातवीपासूनच लावून घ्यावी लागते.

आता भाषेविषयी. आमच्या घरची बोली कोंकणी. त्यामुळे दुसऱ्या भाषेतील प्रश्न वाचताना मनाची जी धांदल होते, ती आम्हांस चांगली ठाऊक आहे. मराठीतील 'अपूर्णांक' हिंदी पुस्तकात 'भिन्न' होतो, आणि आपल्या मुलास 'भिन्न' म्हणजे वेगळे एवढेच माहीत असते! गणित येत असूनही गुण जातो. ह्यास उपाय सोपा आहे. एका वहीत मराठी, हिंदी व इंग्रजी असे तीन रकाने आखावेत आणि रोज पाच शब्द लिहावेत. पुढे महाविद्यालयीन शिक्षणानंतरही ही वही कामास येईल. पदव्युत्तर संशोधकांस विद्यापीठ अनुदान आयोगाची जी अधिछात्रवृत्ती मिळते, तिची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. त्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका भाषाविषय वगळता हिंदी व इंग्रजीतच असतात.

कागदपत्रांकडे पालकांनी स्वतः लक्ष द्यावे. उत्पन्नाचा दाखला लोक सेवा केंद्रातून वेळेवर काढून ठेवावा. शाळेचे रजिस्टर, समग्र आयडी, आधार व बँकेचे पासबुक ह्या चारही ठिकाणी नाव एकसारखे आहे ना, हे पाहावे. आपल्या सरहद्दीच्या गावी ही अडचण विशेष. 'ज्ञानेश्वर' हे नाव रोमन लिपीत मराठी माणूस 'डीएनवाय'ने आरंभितो, तर हिंदी माणूस 'जीवाय'ने. मुलगा एकच असतो, पण कागदावर त्याचे दोन मुलगे होतात आणि पैसे अडून राहतात. तसेच, तयारीपूर्वी योजना चालू आहे की नाही याची खात्री करावी. १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ मध्ये स्थगित झाली. तिची जुनी मार्गदर्शक पुस्तके मात्र घरोघरी पडून आहेत.

शर्तीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर ह्या तरुण पदवीधरास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. तिच्यासोबत शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारही होता. शिष्यवृत्तीची मुदत सरली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि तो त्यांनी पूर्ण केला. रक्कम किती, मुदत किती व बंधन कोणते, हे तीन प्रश्न प्रत्येक अर्जदाराने विचारावेत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापिलेल्या निधीतून परदेशी शिक्षणासाठी मिळणारे साहाय्य हे कर्जाऊ असते, फेडावे लागते. तरी ते घेऊन गेलेल्यांत जयंत नारळीकरांसारखे शास्त्रज्ञ आहेत. नारळीकरही काशीसारख्या हिंदी भाषिक नगरीत वाढलेले मराठी घरातले मुलगे होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

निवड झाली म्हणजेही काम संपत नाही. आठवीच्या ह्या शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि अकरावी-बारावीत ती चालू राहण्यास दहावीत ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींस येथेही ५ टक्क्यांची सवलत आहे. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे परिपत्रक शाळेत येऊन वाचावे.

पालकहो, परीक्षेत अपयश आले तरी केलेला अभ्यास मुलापाशीच राहतो. मुदत टळून गेली तर मात्र हाती काहीच राहत नाही. यंदा आठवीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने व मुलीने अर्ज भरावा, एवढीच आमची विनंती आहे.