उंची, उकळी आणि हातभट्टी

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट व माहूर हे डोंगराळ, रानांनीं वेढलेले तालुके आहेत. चैत्राच्या सुमारास तेथील मोहाच्या झाडांखालीं पहांटे फिकट पिवळ्या, मांसल फुलांचा सडा पडतो. गोंड, कोलाम, आंध इत्यादि समाजांतील बायकामुलें तीं फुलें वेंचून उन्हांत वाळवितात. फुलांत साखर विपुल. त्यामुळें अडचणीच्या दिवसांत तीं अन्न म्हणून उपयोगी पडतात, आणि भिजवून आंबविलीं असतां त्यांपासून दारूहि निघते. निजामाच्या राजवटींत आबकारी हें राज्याच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन होतें.

हातभट्टीचें यंत्र अगदीं साधें असतें. चुलीवर आंबवणाचें मडकें, त्यावर दुसरें भांडें, सर्वांत वर थंड पाणी. खालची वाफ वर चढते, थंड बुडास लागून तिचे थेंब होतात आणि ते आंतल्या पात्रांत गोळा होतात. वैद्य ज्या रीतीनें ओव्याचा अर्क काढीत, तिचें तत्त्वहि हेंच. शास्त्रांत यास ऊर्ध्वपातन म्हणतात.

या क्रियेवर स्थळाच्या उंचीचा परिणाम होतो. द्रवाच्या वाफेचा जोर बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला कीं द्रव उकळतो. समुद्रकांठीं हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. उंच जावें तसतसा तो घटतो, म्हणून द्रवहि कमी उष्णतेवर उकळतो. नांदेड शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटर उंच आहे. बालाघाटच्या पठारावरील लातूर सुमारें ६३० मीटर. लातुरास हवेचा दाब सुमारें ७०५ मिलिमीटर भरतो. त्यामुळें मुंबईस १०० अंश सेल्सियसवर उकळणारें पाणी लातुरास सुमारें ९८ अंशांवर उकळतें. लडाखांतील लेह येथें, साडेतीन हजार मीटरांवर, तें सुमारें ८८ अंशांवरच उकळूं लागतें. तेथें डाळ शिजण्यास वेळ लागतो, याचें कारण हेंच.

मद्यार्कासहि हाच नियम लागू आहे. समुद्रकांठीं तो ७८ अंशांवर उकळतो. लातुरास ७६, आणि लेहला ६८ अंशांच्या आसपास. म्हणून पुस्तकांतील आंकडा डोंगरावर जसाच्या तसा उपयोगी पडत नाहीं. एवढें समजल्यावर कित्येक सुशिक्षितांसहि असें वाटतें कीं, उंचीचा हिशेब करून उष्णतामापक लावला, तर दारूंतील विष वेगळें काढतां येईल. हा समज घातक आहे.

तें विष म्हणजे मेथिल मद्यार्क. तो समुद्रकांठीं ६५ अंशांच्या सुमारास उकळतो. लातुरास सुमारें ६३, लेहला सुमारें ५४. म्हणजे उंचीबरोबर दोन्ही मद्यार्कांचे उकळबिंदू जवळजवळ सारखेच उतरतात आणि त्यांतील अंतर बहुतेक तेवढेंच राहतें. शिवाय मिश्रण उकळतांना एक पदार्थ आधीं सगळा निघून जाऊन मग दुसरा निघतो, असें होत नाहीं. पाणी व दोन्ही मद्यार्क यांची वाफ एकत्रच उठते. प्रमाण मात्र क्षणोक्षणीं बदलत जातें. त्यामुळें पहिली धार फेंकून दिली, तरी उरलेली निर्विष झाली असें म्हणतां येत नाहीं.

मोठ्या दुर्घटनांचें मूळ तर बहुधा भट्टींतहि नसतें. आंबवणांत मेथिल मद्यार्क सहसा अल्पच तयार होतो. प्राण जातात ते कारखान्यासाठीं केलेला स्वस्त मेथिल मद्यार्क दारूंत मिसळल्यामुळें. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत अशाच दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. या विषास ओळखूं येईल असा वेगळा वास वा चव नाहीं. आरंभीं तें साध्या नशेसारखेंच भासतें. पुढें, पुष्कळदां बारा ते चोवीस तासांनीं, पोटांत दुखतें, श्वास जोरानें चालतो, डोळ्यांपुढें धुकें येतें. शरीरांत त्याचें फॉर्मिक आम्ल होतें आणि तें दृष्टीच्या मज्जातंतूचा नाश करतें. अशा वेळीं झोंपेनें उतरेल म्हणून वाट पाहणें म्हणजे डोळे आणि प्राण दोन्ही गमावणें होय. रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें आणि दारू प्याल्याचें डॉक्टरांपासून लपवूं नये. कारण यावर उतारा आहे, परंतु तो वेळेवर मिळाला पाहिजे. त्याच दारूचा घोट घेतलेल्या इतरांसहि, ते बरे दिसले तरी, सोबत न्यावें.

आगीचें भय निराळेंच. मद्यार्काची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत पोंचली कीं भडकते. परवान्यावांचून दारू गाळणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें महाराष्ट्रांत गुन्हाहि आहे. स्वतःपुरती गाळली, ही सबब तेथें चालत नाहीं.

उष्णतामापक द्रव किती तापला तें सांगतो. त्यांत काय मिसळलें आहे, तें सांगत नाहीं. हा भेद ध्यानीं धरला, तर उंचीचें गणित स्वयंपाकघरांत डाळीच्या कामीं येईल, आणि भट्टीच्या बाबतींत त्यावर कोणी विसंबणार नाहीं.