कोलकात्याला जाताय? अलीपूरचं राष्ट्रीय ग्रंथालय चुकवू नका

व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, मिष्टी दोई... कोलकात्याच्या यादीत हे सगळं असतंच. त्यात अलीपूरचं राष्ट्रीय ग्रंथालय घाला, तेही वरच्या क्रमांकावर!

वीस लाखांहून अधिक पुस्तकं असलेलं हे देशातलं सर्वांत मोठं ग्रंथालय. मूळ 1836 च्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीचं. 1903 मध्ये लॉर्ड कर्झनने इंपीरियल लायब्ररी म्हणून ते लोकांसाठी खुलं केलं, 1948 मध्ये 'राष्ट्रीय' हे नाव मिळालं आणि 1953 मध्ये मौलाना आझादांच्या हस्ते बेल्व्हेडिअर हाउसमध्ये ते सुरू झालं. एकेकाळी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर राहत तो हा पांढराशुभ्र वाडा. जिथे सामान्य माणसाला प्रवेश नव्हता, तिथे पुस्तकं आली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

वाचनकक्ष आता आवारातल्याच भाषा भवनात आहेत. बंगालचे शिक्षणतज्ज्ञ सर आशुतोष मुखर्जी यांचा प्रचंड खासगी ग्रंथसंग्रहही इथेच आहे.

आणि हो, इथे स्वतंत्र मराठी विभाग आहे! 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत 30 दिवसांच्या आत स्वखर्चाने इथे पाठवायची असते. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या एकेका ग्रंथालयालाही तशीच प्रत जाते. पुण्यात छापलेली कादंबरी हुगळीकाठी जपली जाते, ती अशी.

प्रदर्शनं, व्याख्यानंही होतात. निघण्याआधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वेळा आणि वाचक-कार्डाचे नियम पाहून घ्या, ओळखपत्र सोबत ठेवा. आणि तुमचं पुस्तक प्रकाशित झालं असेल, तर प्रत पाठवली का, हे प्रकाशकाला आजच विचारा.